संगणकाचे स्थलांतर आणि झाकलेले गुण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



विज्ञानाच्या एखाद्या विषयावर बोलावे, पण ते असे असावे की आठवीतल्या मुलालाही कळेल आणि त्याच्या अब्बाजानांनाही घरी गेल्यावर त्यावर चार शब्द बोलता येतील, अशी सूचना मला करण्यात आली. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, इंजिनियर नव्हे. तरीही मी आज संगणकाचाच विषय घेतला आहे. त्याचे कारण असे की, ह्या विषयात यंत्राइतकाच विचारही आहे, आणि तो विचार आपल्या घराला, शाळेला व समाजाला लागू पडतो. विषय थोडक्यात असा: चालू असलेले काम एका संगणकावरून उचलून दुसऱ्या संगणकावर न्यावयाचे असेल, तर पहिल्या संगणकाचे काही गुण आधीच झाकून ठेवावे लागतात. असे का करतात, कसे करतात आणि त्यात काय गमावते, हे आपण क्रमाने पाहू.

प्रथम आपल्या नागपूरचीच गोष्ट घेऊ. आपले शहर देशाच्या मध्यावर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेचे दोन मोठे मार्ग येथे एकमेकांना छेदतात. शिवाय इतवारीहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे जाणारी छोटी गाडी आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीत असेल. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, आणि मोठ्या गाडीच्या रुळांतील १६७६ मिलिमीटर. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. ती चालू होती तोवर छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नसे. माल उतरवावा लागे, हमालांनी तो वाहून न्यावा लागे आणि पुन्हा दुसऱ्या डब्यात भरावा लागे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, माल सांडे. मालात काही दोष नसे. दोष दोन रुळांच्या न जुळण्यात असे.

ही अडचण जगभर होती. तिच्यावरचा उपाय एका अमेरिकन ट्रकमालकाने व्यवहारात आणला. माल्कम मॅक्लीन त्याचे नाव. १९५६ साली त्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ मोठ्या धातूच्या पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. पेटीतला माल काढावयाचा नाही, पेटीच जहाजावरून ट्रकवर आणि ट्रकवरून रेल्वेवर ठेवावयाची, ही त्यामागची कल्पना. ह्या पेटीलाच आपण कंटेनर म्हणतो. अजनीच्या कंटेनर डेपोत रंगीबेरंगी पेट्यांच्या राशी आपण पाहिल्या असतील. पेटी कोठलीही असो, ती बहुधा २० किंवा ४० फूट लांब असते आणि तिच्या आठही कोपऱ्यांवर क्रेनचा आकडा अडकविण्याची खोबण ठरलेल्या मापाची असते. म्हणूनच नागपूरची क्रेन मुंबईची पेटी उचलू शकते.

येथे एक बारीक मुद्दा आहे, तो ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावर उभे आहे. पश्चिम समर्पित मालवाहू मार्गावर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवून विजेच्या इंजिनाने गाड्या धावतात, कारण तेथील विजेची तार मुद्दाम उंच बांधलेली आहे. परंतु तीच गाडी जुन्या विद्युत मार्गावर आणावयाची म्हटली तर वरची पेटी उतरवावी लागेल. ज्याला माल मध्ये न उतरविता शेवटपर्यंत न्यावयाचा आहे, त्याने निघतानाच वाटेवरच्या सर्वांत खाली असलेल्या तारेचा हिशेब केला पाहिजे. पहिल्या स्थानकावर तार किती उंच आहे, ह्याला महत्त्व नाही.

आता संगणकाकडे येऊ. आपण बँकेचे खाते पाहतो, रेल्वेचे तिकीट काढतो, दहावीचा निकाल पाहतो. ही कामे आपल्या हातातल्या फोनमध्ये होत नाहीत. ती दूर कोठे तरी, मोठ्या इमारतीत ओळीने मांडलेल्या हजारो संगणकांवर होतात. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या राज्यात अशी केंद्रे पुष्कळ आहेत. पुण्याला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे डेटा सेंटर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबईला, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईला आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईला आपली केंद्रे उघडली. तेथे एकेका संगणकावर अनेकांची कामे एकाच वेळी चालतात. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळी बंदिस्त खोली दिलेली असते. ह्या खोलीलाही कंटेनर असेच नाव आहे, आणि ते मालाच्या पेटीवरूनच पडले आहे.

कामाची खोली दोन प्रकारची असते. पहिला प्रकार आभासी यंत्राचा. त्यात एका संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक असल्याचा देखावा उभा केलेला असतो. हे एका मोठ्या प्लॉटवर स्वतंत्र घर बांधून देण्यासारखे आहे. दुसरा प्रकार कंटेनरचा. त्यात घर एकच, पाया एकच, नळ आणि वीज एकच, फक्त खोल्यांच्या भिंती वेगळ्या. चाळीसारखे. कंटेनर हलका असतो, चटकन उभा राहतो आणि जागा कमी घेतो. ओपनव्हीझेड ही व्यवस्था २००५ पासून आणि डॉकर २०१३ पासून प्रसिद्ध आहे.

आता ही खोली हलवावी का लागते? संगणक तापतो, त्याचा पंखा बिघडतो, त्यात नवी पट्टी बसवावी लागते, दुरुस्तीसाठी तो बंद करावा लागतो. त्यावर चालणारे काम मात्र बंद ठेवता येत नाही. आणि कधी संकटच येते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले आणि कितीतरी कागदी फायली खाक झाल्या. ज्यांच्या जमिनीचा, नोकरीचा, पेन्शनचा कागद एकाच कपाटात होता, त्यांच्या जिवाला त्या दिवशी किती घोर लागला असेल, ह्याची कल्पना करा. जे काम एकाच जागी बांधलेले आहे, त्याचे भवितव्य त्या जागेबरोबर बांधले जाते. म्हणून काम हलविता येणे ही केवळ सोय नाही. ती लोकांची अमानत सांभाळण्याची एक रीत आहे.

काम न थांबविता हलविण्याची युक्ती मोठी नामी आहे. काम चालू असतानाच त्याच्या स्मृतीतली पाने एकेक करून दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतात. तोवर काही पानांवर नवे लिखाण झालेले असते, ती पाने पुन्हा उतरवितात. शेवटी थोडीच पाने उरली की काम क्षणभर थांबवितात, उरलेली पाने पाठवितात आणि दुसऱ्या संगणकावर काम पुढे सुरू करतात. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक चालू खेळ असा हलवून दाखविला. त्यात थांबा फक्त ६० मिलिसेकंदांचा पडला. पापणी लवायलाही ह्याहून अधिक वेळ लागतो. कंटेनरसाठी असेच काम करणारी क्रियू नावाची मोफत प्रणाली २०११ पासून तयार होऊ लागली. ती चालू काम गोठविते, त्याची संपूर्ण नोंद फायलींत लिहिते आणि दुसरीकडे त्या नोंदीवरून ते जसेच्या तसे उभे करते.

इथवर सारे सोपे वाटते. पण दोन संगणक सारखे नसले तर? पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभारला, तेव्हा त्यात ६४ प्रोसेसर एकाच जातीचे होते. एकाच वेळी, एकाच कारखान्याचा माल आणला तर प्रश्न येत नाही. परंतु डेटा सेंटर असे एका दिवसात भरत नाही. या वर्षी काही संगणक घेतले जातात, तीन वर्षांनी आणखी काही. आपल्या शाळेची बाके जशी तीन प्रकारची आहेत, तसेच.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. दर काही वर्षांनी त्याला नवी कसबे शिकविली जातात. १९९९ च्या पेंटियम तीनमध्ये एसएसई नावाचे कसब आले, त्यामुळे एका आज्ञेत ४ दशांश-संख्यांची बेरीज होऊ लागली. २०११ मध्ये एव्हीएक्स आले, तेव्हा ८ झाल्या. पुढे २०१७ पर्यंत मोठ्या संगणकांत एव्हीएक्स-५१२ आले आणि एका आज्ञेत १६ संख्या बसू लागल्या. मधल्या काळात गुप्तलेखनाची गणिते झटपट करण्याचे कसबही आले. आता प्रत्येक प्रोग्रॅमला हे ठाऊक हवे की, आपण ज्या प्रोसेसरवर आहोत त्याला काय काय येते. त्यासाठी १९९३ च्या पेंटियमपासून सीपीयूआयडी नावाची एक आज्ञा रूढ झाली. प्रोग्रॅम विचारतो, “बाबा, तुला काय येते?” प्रोसेसर होय-नाहीची यादी देतो. त्यानुसार प्रोग्रॅम आपली पद्धत निवडतो.

खरी गोम येथे आहे. प्रोग्रॅम हा प्रश्न बहुधा एकदाच, सुरू होताना विचारतो आणि उत्तर मनात ठेवतो. पुन्हा पुन्हा विचारण्यात वेळ जातो म्हणून. नव्या संगणकावर सुरू झालेल्या प्रोग्रॅमने “याला १६ संख्यांची बेरीज येते” असे एकदा ठरविले, की तो निर्धास्त होतो. मग काही दिवसांनी आपण त्याला झोपेतच उचलून जुन्या संगणकावर ठेवतो. जागा बदलली हे त्याला कळत नाही. तो जुन्याच विश्वासाने १६ संख्यांची आज्ञा देतो. जुना प्रोसेसर म्हणतो, “ही आज्ञा मला माहीत नाही.” आणि काम तेथल्या तेथे कोसळते. दुसरी अडचणही आहे. नव्या प्रोसेसरच्या मोठ्या कप्प्यांत जे आकडे अर्धवट हिशेबात ठेवलेले असतात, ते ठेवायला जुन्याकडे तेवढे कप्पेच नसतात.

मोमिनपुऱ्यातील जुन्या विणकर घराण्यांना हे मी निराळ्या शब्दांत सांगेन. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा जकार्ड माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाला, आणि त्या पत्त्यांची कल्पना पुढे संगणकाच्या पूर्वजांनी उचलली. समजा एका मागाला ४०० हूक आहेत आणि दुसऱ्याला २४०. चारशे हुकांसाठी पाडलेले पत्ते दुसऱ्या मागावर चढविले तर पदर अर्ध्यात बिघडेल. ज्या उस्तादाला माहीत आहे की साडी अर्धी या मागावर आणि अर्धी त्या मागावर विणावी लागेल, तो नक्षी पहिल्यापासूनच २४० हुकांची काढतो. चारशे हुकांच्या मागावर बसूनसुद्धा तो १६० हूक रिकामे ठेवतो.

संगणकातही हेच करतात. ज्या संगणकांमध्ये काम इकडून तिकडे जाणार आहे, त्यांचा एक गट करतात. प्रत्येकाला काय येते त्याची यादी घेतात. सर्वांना जे येते तेवढेच ठेवतात आणि बाकीचे झाकतात. मग प्रोग्रॅमने “तुला काय येते?” असे विचारले की नवा प्रोसेसरही जुन्याइतकेच सांगतो. प्रोग्रॅम त्या आधारावर आपली पद्धत ठरवितो, आणि मग तो गटात कोठेही गेला तरी फसत नाही.

आभासी यंत्रात हे झाकणे सोपे असते. इंटेलच्या व्यवस्थेत आतल्या यंत्राने सीपीयूआयडी विचारले की तो प्रश्न आपोआप बाहेरच्या व्यवस्थापकाकडे जातो. घराला दारवान आहे, तो उत्तर देतो. व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये चालू यंत्र हलविण्याची सोय आणली आणि २००८ मध्ये संगणकांच्या गटाची समान पातळी ठरवून बाकीचे गुण झाकण्याची सोय तिला जोडली. कंटेनरचे मात्र तसे नाही. तेथे दारवान नाही. चाळीतला भाडेकरू थेट प्रोसेसरला प्रश्न विचारतो आणि प्रोसेसर थेट उत्तर देतो, मधल्या कोणालाही पत्ता लागत नाही. प्रोसेसरची माहिती लिहिलेली एक फाईल लिनक्समध्ये असते, ती बदलून दाखविता येते. पण फलक बदलला तरी खुद्द मालकाला विचारण्यापासून भाडेकरूला कोण अडविणार?

यावर उपाय प्रोसेसरमध्येच करावा लागला. इंटेलच्या २०१२ च्या पिढीपासून अशी सोय आहे की, सीपीयूआयडीचा प्रश्न विचारताच तो अडविला जाऊन लिनक्सच्या गाभ्याकडे सोपविला जातो. लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, ही सोय सर्वसामान्य प्रोग्रॅमकारांच्या हाती आली. गंमत अशी की, ही मागणी प्रामुख्याने एका चूकशोधक साधनासाठी झाली होती. एकदा नोंदविलेले काम दुसऱ्या संगणकावर हुबेहूब परत चालवून पाहणे, हा त्याचा हेतू. ओपनव्हीझेडच्या घराण्यातील व्हर्चुओझो या प्रणालीत संगणकांचे असे गट बांधून समान गुण ठरविण्याची व्यवस्था आहे. क्रियू तर काम दुसरीकडे उभे करण्यापूर्वी दोन्हीकडच्या गुणांची यादी ताडून पाहू शकते, आणि जुळत नसेल तर नकार देते. अर्ध्या वाटेत कोसळण्यापेक्षा दारातच नकार मिळालेला बरा, हे कोणीही मान्य करील.

या उपायाला मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा अशी की, झाकणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. कंटेनरमधल्या एखाद्या प्रोग्रॅमने प्रश्न न विचारताच नव्या कसबाची आज्ञा दिली, तर नवा प्रोसेसर ती पाळतो. पाटी झाकली, पण दार उघडेच राहिले. असा बेफिकीर प्रोग्रॅम पुढे जुन्या संगणकावर गेला की पडणारच. दुसरी मर्यादा किंमतीची. नव्या संगणकाचे पैसे भरले, वीज भरली आणि त्याचे अर्धे कसब निजवून ठेवले. चित्रे, ध्वनी, गुप्तलेखन, वैज्ञानिक गणिते अशा कामांत हा तोटा मोठा असतो, तर साध्या पत्रव्यवहाराच्या कामात तो जाणवतही नाही. म्हणून शहाणा व्यवस्थापक सर्वच संगणक एका गटात कोंबत नाही. तो जवळच्या पिढ्यांचे दोन-तीन गट करतो. ज्या कामाला वेग हवा त्याला नव्यांच्या गटात ठेवतो, आणि ज्याला केवळ अखंड चालणे हवे त्याला मोठ्या गटात.

हाच प्रश्न एकाच प्रोसेसरच्या आतही उभा राहिला आहे. इंटेलने २०२१ च्या अखेरीस घरगुती संगणकांसाठी काढलेल्या प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे गाभे एकत्र होते, काही दणकट आणि काही वीज वाचविणारे. दणकट गाभ्यांना एव्हीएक्स-५१२ येत होते, लहानांना येत नव्हते. काम तर घडीघडीला या गाभ्यावरून त्या गाभ्यावर जाते. शेवटी कंपनीने मोठ्यांचेही ते कसब बंद केले. सर्वांत लहान भावाला जे येत नाही, ते घरात कोणीच करावयाचे नाही, असा तो निर्णय.

विद्यार्थी मित्रांनो, ह्यावर तुमच्यातला कोणी विचारील, “सर, हे खोटे बोलणे नाही का? येत असताना येत नाही म्हणावयाचे?” प्रश्न अगदी योग्य आहे. माझे उत्तर असे. खोटे बोलणारा ऐकणाऱ्याचे नुकसान करतो आणि आपला फायदा पाहतो. येथे प्रोसेसर जे सांगतो त्याचा खरा अर्थ “मला एवढेच येते” असा नसून “एवढे तुला या गटात कोठेही मिळेल, ह्याची हमी” असा आहे. हा करार आहे. जे उद्या देता येणार नाही त्याचा आज भरवसा देऊ नये, ही तर व्यवहारातली नेकी झाली. दुकानदार महिन्याला दहा पोती पुरवू शकत असेल आणि आज गोदामात पंधरा असतील, तरी त्याने बांधून द्यावयाचा वायदा दहाचाच.

आता पालकांसाठी दोन शब्द. आपली मुलेही स्थलांतर करतात. कोणी उर्दू माध्यमातून दहावी होते आणि अकरावीला विज्ञान शाखेत जाते, तेथे शिकविणे इंग्रजीत. काल जो जाविया होता तो अँगल होतो, मुसल्लस ट्रँगल होतो, रकबा एरिया होतो, आणि शेजारी बसलेला मराठी शाळेतला मुलगा मनात कोन, त्रिकोण आणि क्षेत्रफळ म्हणत असतो. गणित तिघांचेही एकच. मुलाला भूमिती येत नाही असे नसते. त्याने जी आज्ञा दिली ती समोरच्याला कळत नाही, एवढेच. आणि पहिल्या चाचणीत पडल्यावर घरचे म्हणतात, “याच्या डोक्यात विज्ञान नाही.” हा निष्कर्ष चुकीचा आहे. हा रुळांचा प्रश्न आहे, मालाचा नाही.

मग आपण काय करावे? निघण्याच्या आधी याद्या ताडून पाहाव्यात. नववी-दहावीतच प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत एका वहीत लिहून ठेवावी. उर्दू, मराठी, इंग्रजी, असे तीन रकाने. रोज पाच शब्द लिहिले तर दोनशे शाळेच्या दिवसांत हजार शब्द होतात. अकरावीच्या दारात पोहोचेपर्यंत त्या मुलाला कोणतीही आज्ञा अनोळखी राहणार नाही. यात उर्दू सोडण्याचा सवालच येत नाही.

येथे यंत्र आणि मूल ह्यांच्यातला फरकही सांगितला पाहिजे. यंत्राचे गुण झाकले तर त्याला दुःख होत नाही, आणि झाकण काढले की ते पूर्वीइतकेच समर्थ असते. मुलाचे तसे नाही. जी मुलगी गणितात सर्वांच्या पुढे आहे, पण पुढे कोठे गणित लागणार आहे असे ऐकून मागच्या बाकावर गप्प बसते, तिचा गुण झाकलेला राहत नाही, तो वाळून जातो. जो मुलगा मित्र हसतील म्हणून उत्तर ठाऊक असून हात वर करीत नाही, त्याचेही तेच. यंत्रांच्या गटाची रीत मुलांच्या वर्गाला जशीच्या तशी लावणे हा अन्याय होईल. वर्गात समान पातळीवर शिकवावे लागते, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. परंतु ज्याला अधिक येते त्याला अधिकाचे काम दिले पाहिजे, वेगळे गणित, वेगळे पुस्तक. शहाणा व्यवस्थापक वेगवान कामासाठी वेगळा गट ठेवतो, ते येथे उपयोगी पडते.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गटाची पातळी कोण ठरवितो? सर्वांत नवा, महाग संगणक नव्हे. सर्वांत जुना संगणक ठरवितो. व्यवस्थापकाने आणखी दहा नवे संगणक आणले, तरी तो एक जुना गटात असेपर्यंत समान पातळी तसूभरही वर जात नाही. तो एक बदलला की त्याच दिवशी सर्वांची झाकणे एक पायरी वर सरकतात. जगातही असेच चालले आहे. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून प्रोसेसरच्या गुणांच्या चार पायऱ्या ठरविल्या. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सने २०२२ च्या आवृत्तीत किमान दुसरी पायरी मागितली आणि २०२५ च्या आवृत्तीत तिसरी. किमान पातळी वर गेली की सर्वांनाच वेग मिळतो. मात्र जो जुना संगणक त्या पायरीला पोहोचत नाही तो दाराबाहेर राहतो, हेही तितकेच खरे.

समाजाचेही असेच आहे. आपण गुणवंतांचे सत्कार करतो, करावेतच. पण सारी शिष्यवृत्ती, सारे लक्ष, साऱ्या जादा तासिका पहिल्या दहांवरच खर्च झाल्या, तर समाजाची समान पातळी जागची हलणार नाही. सातवीत शाळा सोडून वर्कशॉपला लागलेला मुलगा, मोठ्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेली मुलगी, ज्यांच्या घरी अभ्यासाला दिवा आणि कोपरा नाही अशी मुले, ह्यांच्यावर एक रुपया खर्च झाला तर तो सर्वांची पातळी उचलतो. आणि यंत्रांच्या बाबतीत जुना संगणक काढून टाकता येतो, मुलाला काढून टाकता येत नाही. त्याला वर आणणे एवढाच मार्ग आपल्याजवळ आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने पुढील वर्षाच्या खर्चाचा विचार करताना हा मुद्दा समोर ठेवावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. लिनक्स ही प्रणाली मोफत मिळते. शाळेच्या संगणक कक्षात वेगवेगळ्या वर्षी आलेले दोन संगणक निवडा. दोन्हींवर लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या. प्रोसेसरच्या गुणांची लांबलचक यादी पडद्यावर येईल. दोन्ही याद्या वहीत उतरवा, दोन्हींत असलेल्या नावांवर खूण करा आणि एकातच असलेली नावे खोडा. जे उरेल ती त्या गटाची समान पातळी. दोन संचांचा छेद काढणे तुम्ही गणितात शिकता, तोच हा छेद. डेटा सेंटरमध्ये इंजिनियर हेच काम करतो, फक्त त्याच्यासमोर दोनाऐवजी दोन हजार संगणक असतात. आपल्या शहरात मिहानमध्ये मोठ्या संगणक कंपन्या आल्या आहेत. तिथे पोहोचण्याचा रस्ता अशाच लहान प्रयोगांतून जातो. ज्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, त्याने बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये आकडेमोडीची रीत पायरीपायरीने लिहून ठेवली. त्याच्याजवळ संगणक नव्हता, पण पद्धतशीर विचार होता. तो विचार आपल्या हातात आहे.

 तीन रकान्यांच्या वहीचे काम या वर्गवर्षापासून नववीत सुरू करावे, असे आम्ही शिक्षकांनी ठरविले आहे. पालकांनी आठवड्यातून एकदा ती वही पाहून तिच्यावर सही करावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.